हॅवलॉक की नील? आधी तिथी बघा, मग तिकीट काढा

अंदमानला जाऊन समुद्रकिनारी चार दिवस राहायचं म्हटलं की दोनच बेटांची नावं पुढे येतात, आणि कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं: हॅवलॉकला गर्दी, नीलला शांतता, जमलं तर दोन्ही करा. आम्हीही तेवढ्यावरच निघालो होतो. आता जाऊन आल्यावर स्पष्ट सांगतो. पाण्यात डुंबायला जायचं असेल आणि एकच बेट निवडायचं असेल, तर हॅवलॉक घ्या. नील सुंदर आहे, पण तिथला तुमचा सगळा दिवस भरती-ओहोटीच्या हातात असतो, आणि ही गोष्ट आम्हाला कुणीही सांगितली नाही. सहल आखून देणाऱ्याने नाही, हॉटेलने नाही, जेट्टीवर गाडी घेऊन उभ्या असलेल्या माणसानेही नाही.

नावांचं आधी सांगून टाकतो, कारण बुकिंग करताना घोटाळा होतो. २०१८ च्या डिसेंबरपासून हॅवलॉकचं अधिकृत नाव स्वराज द्वीप आहे आणि नीलचं शहीद द्वीप. पोर्ट ब्लेअरही २०२४ पासून श्री विजयपुरम झालंय. तिकिटावर नवी नावं दिसतील, बोलण्यात मात्र सगळीकडे जुनीच चालतात. मीही इथे जुनीच वापरतोय.

आता नील. आम्हाला आखून दिलेला कार्यक्रम असा होता: दुपारी बाराच्या सुमारास बोटीतून उतरायचं, जेवून भरतपूरच्या किनाऱ्यावर पाण्यात खेळायचं, संध्याकाळी लक्ष्मणपूरला सूर्यास्त बघायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता करून नॅचरल ब्रिज बघून बोट पकडायची. पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती, म्हणजे उधाणाचे, सगळ्यात मोठ्या भरती-ओहोटीचे दिवस. अंदमानात या दिवसांत भरती सकाळी दहाच्या आगेमागे असते आणि ओहोटी दुपारी चारच्या. वरचा कार्यक्रम पुन्हा एकदा वाचा. पाण्यात उतरायची वेळ बरोबर ओहोटीची, आणि जिथे फक्त ओहोटीलाच चालत जाता येतं त्या पुलाची वेळ बरोबर भरतीची. एकूण एक गोष्ट उलटी.

भरतपूरला तीनच्या सुमारास पोहोचलो तेव्हा पाणी निघून चाललं होतं. फोटोत दिसतो तो फिकट निळा, काचेसारखा समुद्र दूरवर एका पट्ट्यापुरता उरला होता. त्याच्या अलीकडे घोट्याइतक्या पाण्यात मेलेल्या प्रवाळाचे दगड, शेवाळ आणि चिखलट वाळू. यात किनाऱ्याचा दोष नाही. प्रवाळ ओहोटीच्या पातळीपर्यंतच वाढतं, त्याच्या वर वाढू शकत नाही, म्हणून अशा किनाऱ्यालगत दगडांचं एक सपाट पठार तयार होतं. भरतीला त्यावर छातीभर स्वच्छ पाणी असतं, मोठ्या ओहोटीला ते उघडं पडतं. उधाणाला इथे पाणी दोन मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, आणि इतक्या उथळ किनाऱ्यावर दोन मीटर म्हणजे सगळंच. तरीही काचेच्या तळाच्या बोटीची तिकिटं तिथे जोरात विकली जात होती. ‘पाणी कमी असलं की प्रवाळ जास्त चांगलं दिसतं’ असं आम्हाला तोंडावर सांगण्यात आलं. बसलो. उथळ पाण्यातून बोट कडेकडेने फिरली, गढूळ पाण्याखाली करडे दगड दिसले आणि वीस मिनिटं संपायच्या आत आम्ही परत. ओहोटीला ती बोट घेऊ नका, कुणी कितीही आग्रह केला तरी.

पण खरा संताप झाला तो दुसऱ्या दिवशी नॅचरल ब्रिजला. लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावर ही प्रवाळी खडकाची कमान आहे, काही लोक तिला हावडा ब्रिज म्हणतात. कमान खरोखर बघण्यासारखी आहे. गाडी लावून थोडं खाली उतरलं की किनारा लागतो आणि तिथून खडकांवरून चालत जायचं. ओहोटी असेल तर धडधाकट माणसाला हे काहीच नाही, दहा-पंधरा मिनिटांत पोहोचता. वाटेतल्या डबक्यांत खेकडे, समुद्रकाकड्या, छोटे रंगीत मासे, शिंपल्याच्या आतली निळी-जांभळी कड, सगळं पायाशी दिसतं. गाइड घ्यायचा तो याच डबक्यांसाठी, कारण आपल्या डोळ्यांना त्यातलं निम्मं दिसतच नाही.

आम्ही पोहोचलो ते साडेआठच्या पुढे आणि पाणी वर येत होतं. गाइडला विचारलं, जमेल का? ‘कुछ नहीं होगा, आराम से जाएँगे’ असं म्हणून त्याने पैसे आधी घेतले, जेट्टीवर कानावर आलेल्या दराच्या जवळजवळ दुप्पट. जाताना पाणी पोटरीपर्यंत होतं. कमानीखाली फोटो काढण्यात सगळ्यांचाच वेळ गेला आणि परतताना तेच पाणी मांडीपर्यंत आलेलं. खाली धारदार, शेवाळलेले खडक, मध्येच खड्डे, वरून येणाऱ्या लाटेमुळे पाय कुठे पडतोय ते दिसत नाही. आमच्यातल्या एकाची चप्पल तुटून वाहून गेली आणि तळव्याला लांब चीर पडली. मागून साठी ओलांडलेलं एक जोडपं येत होतं, त्या काकूंना दोन्ही बाजूंनी धरून आणावं लागलं. त्यांच्या गाइडनेही ‘कुछ नहीं होगा’च म्हटलं होतं. हा टप्पा जेमतेम अर्धा किलोमीटर असेल, पण भरतीत तो धोकादायक आहे, आणि हे त्या माणसांना रोज दिसतं. रोज तिथे उभं राहून पर्यटकांना वाढत्या पाण्यात नेणं हा मला गुन्हाच वाटतो.

म्हणून नॅचरल ब्रिजसाठी एकच नियम धरा: ओहोटीच्या वेळेच्या तासभर आधी पोहोचा आणि पाणी फिरलं की निघा. मागच्या बाजूला पट्टा असलेल्या, घट्ट पकडीच्या सँडल घाला. साध्या चपला नकोत, अनवाणी तर मुळीच नको. प्रवाळाने कापलं तर जखम छोटी दिसते, पण तिथल्या दमट हवेत ती चिघळते. लगेच गोड्या पाण्याने खळखळून धुवा, आतले कण निघू द्या, जंतुनाशक लावा आणि कोरडी ठेवा. आमच्या मित्राचा पाय पुढे कितीतरी दिवस दुखत राहिला आणि त्याचं पाण्यात उतरणं तिथेच संपलं.

ओहोटीची वेळ कशी काढायची? तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढायचा कोकणातला हिशेब इथे जसाच्या तसा लावू नका, वेळ चुकते. पोर्ट ब्लेअरचा भरती-ओहोटीचा तक्ता फोनवर सहज मिळतो, तोच बघा. दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे, एवढं लक्षात ठेवलं की पुढचे दिवस आपले आपल्याला मांडता येतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास जाणार असाल तर भरतपूर सकाळी आणि नॅचरल ब्रिज दुपारी. अष्टमीच्या आगेमागे भांगाचं पाणी असतं, चढ-उतार कमी असतो, तेव्हा भरतपूरला पोहण्याजोगं पाणी बराच जास्त वेळ मिळतं. निव्वळ नीलसाठी जायचं असेल तर मी तेच दिवस निवडेन. आणि नीलला एक रात्र देऊ नका. दोन द्या किंवा वगळा. एका रात्रीत दुपारी येऊन सकाळी निघताना भरती तुमच्या बाजूने असेल की नाही हा निव्वळ नशिबाचा भाग होतो.

नीलला एवढं बोललो म्हणून हॅवलॉक सगळंच चोख आहे असं नाही. पण तिथे राधानगरचा किनारा आहे, आणि त्याच्यामुळेच माझा कौल हॅवलॉकला जातो. दोन किलोमीटरच्या आसपास लांब, पांढरी, मऊ वाळू. किनाऱ्यालगत दगड नाहीत, त्यामुळे ओहोटी असो की भरती, थोडं पुढे-मागे होऊन पाण्यात उतरता येतंच. २००४ मध्ये टाइम मासिकाने याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं होतं आणि २०२० मध्ये स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना दिला जाणारा ब्लू फ्लॅगही मिळाला. तिथे पाण्यात उभं राहिल्यावर नीलचा सगळा राग उतरला, हे मान्य करतो. जेट्टीपासून हे साधारण बारा किलोमीटरवर आहे. रिक्षावाले येण्या-जाण्याचे आणि थांबण्याचे मिळून भरपूर मागतात. स्कूटर चालवता येत असेल तर सरळ स्कूटर घ्या, आम्हाला दिवसाला पाचशेच्या आसपास पडली. सरकारी बसही जाते, फक्त परतीची वेळ आधी विचारून ठेवा.

राधानगरला एकच गोष्ट गांभीर्याने घ्या. खाऱ्या पाण्यातल्या मगरी अंदमानात आहेत. २०१० मध्ये राधानगरच्या कडेच्या नील्स कोव्ह भागात एका अमेरिकन पर्यटक महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. जीवरक्षक असतात त्याच भागात पोहा. खाडीच्या तोंडाशी, झाडांच्या सावलीतल्या निवांत पाण्यात जाऊ नका, ते कितीही शांत दिसलं तरी. मे ते सप्टेंबर हा किनारा पश्चिमेच्या लाटा थेट अंगावर घेतो, तेव्हा पोहण्याचा विचार सोडा. फेब्रुवारी ते एप्रिल समुद्र सगळ्यात शांत.

हॅवलॉकवर पैसे उकळतात ते एलिफंट बीचला. जेट्टीवरून बोटीने माणशी हजाराच्या वर घेतात, त्यात ‘स्नॉर्कलिंग मोफत’ असं सांगतात. ते मोफत स्नॉर्कलिंग म्हणजे कुणीतरी तुम्हाला ट्यूबला धरून काही मिनिटं ओढतो, चेहरा पाण्यात घालेपर्यंत वेळ संपते, आणि मग ‘लांबचा राउंड’ घेण्यासाठी वेगळे पैसे. वर प्रत्येक खेळाचं तिकीट निराळं. प्रवाळ बघायला म्हणून जाल तर किनाऱ्याजवळचं बरंचसं मेलेलं आहे. २०१० आणि २०१६ मध्ये पाणी तापून अंदमानातलं प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं होतं, त्याच्या खुणा सगळीकडे दिसतात. जंगलातून पायवाटही आहे, पाऊण तासाच्या आतली, पण पाऊस झाला असेल तर चिखल घोट्यावर येतो आणि कधीकधी ती बंद ठेवतात. आधी चौकशी करा. माझ्या मते एलिफंट बीच वगळून तेच पैसे स्कूबावर, म्हणजे हवेची टाकी लावून पाण्याखाली उतरण्यावर घालवावेत. खोलात प्रवाळ अजून चांगलं आहे, आणि डायव्हिंगच्या शाळा हॅवलॉकवरच जास्त आहेत. बारा मीटरच्या आतला पहिल्यांदाचा डाइव्ह पोहता न येणाऱ्यालाही जमतो. फक्त विमानाच्या किमान अठरा तास आधी डाइव्ह संपलेला असावा, त्यामुळे शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

हॅवलॉकचे काळापत्थर, विजयनगर वगैरे किनारे छान आहेत. आमचे तिथले दिवस मजेत गेले, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

दोन्ही बेटांना लागू असलेल्या काही गोष्टी. घड्याळ आपलंच आहे, पण सूर्य आपल्या फार आधी उगवतो आणि मावळतो. डिसेंबर-जानेवारीत पाचच्या सुमारास सूर्यास्त, साडेपाचला अंधार. सकाळी नऊला आरामात बाहेर पडणाऱ्याचा निम्मा दिवस गेलेला असतो. वाळूतल्या बारीक माश्या पहाट-संध्याकाळ चावतात, खाज आठवडाभर जात नाही, त्यामुळे थेट वाळूवर लोळू नका. रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढून घ्या, नीलवर तर नक्कीच. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली इंटरनेटची केबल २०२० मध्ये सुरू झाली, तिची जोड हॅवलॉकला आहे, नीलला थेट नाही, आणि हा फरक फोनवर पैसे देताना जाणवतो. शंख किंवा प्रवाळाचे तुकडे पिशवीत टाकू नका. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्यात येतं आणि विमानतळावर सामान तपासतात. आमच्या डोळ्यांदेखत एका कुटुंबाला अख्खी पिशवी रिकामी करावी लागली.

तिकिटं काढताना क्रम असा ठेवा: पोर्ट ब्लेअरहून आधी नील, मग हॅवलॉक. बहुतेक आखलेल्या सहली उलट्या असतात, पण राधानगर बघून झाल्यावर नीलच्या ओहोटीत उभं राहणं फार जड जातं. खाजगी बोट दीड तासात पोहोचवते, पण बंद काचांत बसून राहावं लागतं आणि समुद्र खवळला की अर्धी बोट उलट्या करते. उलटीची गोळी चढण्याच्या अर्धा तास आधी घ्या, हलायला लागल्यावर तिचा उपयोग नाही. सरकारी बोट हळू आणि स्वस्त, वर डेकवर उभं राहता येतं, पण सुट्टीच्या दिवसांत तिकीट मिळणं कठीण. आणि परतीची बोट विमानाच्याच दिवशी ठेवू नका. हवामान बिघडलं की बोट रद्द होते, पैसे परत मिळतात, विमान मात्र निघून जातं.