चोवीस जानेवारी, कॅलिफोर्निया

वर्तमानपत्रातलं ‘दिनविशेष’ मी राशिभविष्याच्याही आधी वाचते. एकमेकांशी सुतराम संबंध नसलेली माणसं, केवळ तारीख एक म्हणून एसटीतल्यासारखी शेजारी शेजारी बसलेली. २४ जानेवारीला मात्र या गाडीत कॅलिफोर्नियाची माणसं जरा जास्तच चढलेली दिसतात.

१८४८ साली त्या दिवशी सोमवार होता. कोलोमा इथे नदीकाठी जॉन सटरची लाकूड कापायची गिरणी उभी राहत होती. चाकाखालचं पाणी वाहून जायचा चर पुरेसा खोल नव्हता. म्हणून रात्री त्यात पाणी सोडायचं, गाळ वाहू द्यायचा आणि दिवसा दगड उपसायचे, असं काम चाललेलं. सकाळी चर बघायला उतरलेल्या जेम्स मार्शल या सुताराला तळाशी काहीतरी चमकलं. त्याने तो खडा दगडावर ठेवून ठोकला. चपटा झाला, पण फुटला नाही. मग मजुरांचा स्वयंपाक करणाऱ्या जेनी विमरने तो साबणासाठी केलेल्या खाराच्या काहिलीत टाकला. तिथूनही तो लखलखीत बाहेर आला.

नेमकी तारीख मात्र मार्शलला पुढे आठवेना. तो १९च्या आसपास म्हणायचा. २४ ही तारीख मिळाली ती हेन्री बिगलर या मजुराच्या डायरीतून. आज चरात सोन्यासारखा दिसणारा धातू सापडला, एवढंच त्याने खरडून ठेवलं होतं, तेही स्पेलिंगच्या चुकांसकट. शिवजयंती तारखेने की तिथीने, हे भांडण लहानपणापासून ऐकत आल्यामुळे असेल, मला या बिगलरचं फार कौतुक वाटतं. १८९८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत या शोधाचा सुवर्णमहोत्सव झाला, तेव्हा म्हाताऱ्या बिगलरला मानाने बोलावलं होतं. मार्शल १८८५ मध्येच हलाखीत गेला होता.

त्या सोमवारी कॅलिफोर्निया कागदोपत्री मेक्सिकोचा होता. नऊच दिवसांनी, २ फेब्रुवारीला तह होऊन तो अमेरिकेकडे गेला, आणि सह्या करणाऱ्यांना सोन्याचा पत्ताही नव्हता! पण मेक्सिकोपेक्षा कितीतरी जास्त गमावलं ते तिथल्या मूळ रहिवाशांनी. गिरणीच्या कामात त्यांचेही हात राबले होते. पुढच्या पंचवीसेक वर्षांत रोगराई, उपासमार आणि सरळसरळ कत्तली यांत त्यांची संख्या सुमारे दीड लाखावरून तीस हजारांच्या आसपास आली. दिनविशेषात ही ओळ कधी येत नाही. तिला एकच एक तारीख नाही ना.

१८४९ मध्ये सोन्यामागे धावत आलेल्यांवरून सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटबॉल संघाचं नाव पडलं, फोर्टीनाइनर्स. या संघाने आपला पहिला सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा वार्षिक अंतिम सामना, जिंकला तो २४ जानेवारी १९८२ रोजी. निव्वळ योगायोग, पण मजा वाटतेच.

बरोबर दोन वर्षांनी क्युपर्टिनोत ॲपलच्या स्टीव्ह जॉब्जने पिशवीतून मॅकिंटॉश हा संगणक बाहेर काढला. इथे तारीख कुणाच्या डायरीत शोधायची वेळच आली नाही. दोन दिवस आधी सुपर बोलमध्ये जाहिरात करून ती अख्ख्या अमेरिकेला सांगून ठेवली होती. गळ्यात बो टाय लावलेला जॉब्ज, १२८ केबी मेमरी, किंमत २,४९५ डॉलर; आणि ते यंत्र आपल्या आवाजात सांगतंय की पिशवीतून बाहेर पडून बरं वाटलं. बिगलरला हे सगळं जरा अतिच वाटलं असतं.

१९८६ची २४ जानेवारी तर गणितानेच आधी ठरवून ठेवलेली. पॅसाडेनाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीचं व्हॉयेजर २ हे यान त्या दिवशी युरेनसच्या ढगांपासून सुमारे ८१,५०० किलोमीटरवरून गेलं. तिथून निघालेला संदेश पृथ्वीवर पोचायला पावणेतीन तास लागत होते. मिरांडा नावाच्या चिमुकल्या चंद्रावर कित्येक किलोमीटर उंचीचे कडे दिसले आणि शास्त्रज्ञ हरखून गेले. चारच दिवसांनी चॅलेंजर यानाचा स्फोट झाला, सातही अंतराळवीर गेले, आणि पहिल्या पानावर युरेनसला जागा उरली नाही. त्यानंतर आजवर तिकडे दुसरं यान गेलेलं नाही. मिरांडाचे जवळून घेतलेले जे फोटो मुलांच्या पुस्तकांत दिसतात, ते सगळे त्याच एका खेपेचे.