पैसे का दिले ते सांगा

आमचा मेळावा दर वर्षी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात भरतो. १९ एप्रिल २०१३ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचा पोर्ट्समथ फुटबॉल क्लब चाहत्यांच्या मालकीचा झाला, म्हणून हा आठवडा. ट्रस्टची, म्हणजे चाहत्यांच्या संस्थेची, मोठी, अधिकृत सभा वेगळी असते. हा मेळावा फ्रॅटन पार्क या आमच्या मैदानाच्या एका टोकाच्या स्टँडमध्ये, फ्रॅटन एंडला, वर्षानुवर्षं एकमेकांच्या मागेपुढे बसणाऱ्या लोकांचा आहे. मैदानापासून चालत जाता येईल अशा एका पबच्या मागचा हॉल मिळतो. खुर्च्या आपणच मांडायच्या, आपणच उचलायच्या.

सुरुवातीला मागच्या वर्षीचं इतिवृत्त वाचून मंजूर होतं, हिशेब मांडला जातो, वर्षभरात गेलेल्या माणसांसाठी उभं राहणं होतं, मग सोडत. ते सगळं रीतसर होतं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. मी वाट बघते ती त्यानंतरच्या भाषणाची. दर वर्षी एकच वक्ता, तोही आमच्यातलाच, आणि विषय ठरलेला: क्लब वाचवायला तुम्ही पैसे का दिलेत ते सांगा. पाच मिनिटं दिलेली असतात. पाच मिनिटांत कुणाचं आटपत नाही आणि कुणी घंटा वाजवत नाही.

मी मूळची कोल्हापूरची. पेठेतल्या तालमीच्या संघाच्या जर्सीसाठी दारोदार वर्गणी गोळा होताना पाहत लहानाची मोठी झाले. नोकरीसाठी पोर्ट्समथला आले तेव्हा शेजारच्या आजोबांनी मला पहिल्यांदा फ्रॅटन पार्कला नेलं. तिथली मैदानाला खेटून असलेली घरं, सामन्याच्या दिवशी अख्ख्या गल्लीत पसरलेला निळा रंग आणि गिल्डहॉल या शहराच्या सभागृहाच्या घड्याळाच्या ठोक्यांवर बेतलेली ती ‘प्ले अप पॉम्पी’ची आरोळी! पॉम्पी म्हणजे क्लबचं लाडकं नाव. शाहू स्टेडियमवर सामना असला की आमच्या पेठेचा जीव जसा टांगणीला लागतो तसाच जीव इथेही टांगलेला दिसला. मग मी या क्लबची झाले ती झालेच.

ज्यांना हा इतिहास ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. मे २००८ मध्ये आम्ही लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर कार्डिफला १-० हरवून एफए कप ही इंग्लंडची जुनी, मानाची स्पर्धा जिंकली. त्याआधीचा कप १९३९ सालचा. मधे युद्ध आल्यामुळे तो कप सात वर्षं पोर्ट्समथमध्येच राहिला होता, हे इथे शेंबडं पोरही सांगतं. २००८ च्या त्या विजयानंतर दोन वर्षांच्या आत क्लब कोसळला. २००९-१० च्या एकाच हंगामात चार मालक झाले. खेळाडूंचे पगार पुन्हा पुन्हा रखडले. फेब्रुवारी २०१० मध्ये प्रशासक आला, म्हणजे दिवाळखोरीच्या दारातल्या क्लबचा कारभार बाहेरच्या माणसाच्या हाती गेला. प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीवर, असताना अशी वेळ आलेला हा पहिलाच क्लब. शिक्षा म्हणून लीगमधले नऊ गुण कापले गेले. देणी सुमारे १२ कोटी पौंडांची निघाली. मार्चमध्ये क्लबच्या ८५ कर्मचाऱ्यांना एका दिवसात घरी पाठवलं. आणि त्याच वसंतात संघ पुन्हा एफए कपच्या अंतिम फेरीत गेला! चेल्सीकडून १-० हरलो, पण त्या दिवशी वेम्बलीवर आमची बाजू शेवटपर्यंत गात होती. लीगमध्ये खालच्या पायरीवर उतरण्याचं आधीच नक्की झालं होतं, तरी कुणी खुर्ची सोडली नाही.

दोन वर्षांनी, फेब्रुवारी २०१२ मध्ये, पुन्हा प्रशासक. या वेळी दहा गुण गेले. ऑगस्टपर्यंत सगळे ज्येष्ठ खेळाडू क्लब सोडून गेले आणि पोरंसोरं, चाचणीला आलेली मुलं, दुसऱ्या क्लबांकडून उसनी घेतलेली माणसं अशी मोट बांधून हंगाम सुरू झाला. त्यात सलग २३ सामने एकही विजय नाही. तो हिवाळा मी विसरू शकत नाही. क्लब बंद होईल ही भीती अगदी खरी होती. कारखाना बंद होतो तसा तो एखाद्या मंगळवारी कागदोपत्री बंद झाला असता.

तेव्हा ट्रस्टने हाक दिली. एका शेअरची किंमत एक हजार पौंड. ज्याला एकट्याला झेपत नाही त्याने गट करून घ्यावा. दोन हजारांहून जास्त लोकांनी पैसे दिले. ज्यांची ऐपत मोठी होती त्यांनी मोठ्या रकमा घातल्या, नगरपालिकेने कर्ज दिलं. मैदान आधीच्या मालकाकडे गहाण होतं, त्यामुळे सगळा खेळ लंडनच्या हायकोर्टात अडकला. १० एप्रिल २०१३ ला तिथे तडजोड झाली, मैदान सुमारे ३० लाख पौंडांना मिळालं आणि नवव्या दिवशी क्लब आमचा झाला. संघ तोवर चौथ्या पायरीवर, लीग टूमध्ये, घसरणार हे स्पष्ट होतं. तरीही लोक रस्त्यात एकमेकांना मिठ्या मारत होते.

आता भाषणांकडे येते. पहिल्या मेळाव्यात गोदीतून निवृत्त झालेले एक वेल्डर बोलले. कागद आणला होता, पण चष्मा घरी राहिला म्हणून तोंडीच बोलले. स्वयंपाकघराची नवी कपाटं करण्यासाठी नवरा-बायकोने पैसे साठवले होते, ते त्यांनी दिले. ते म्हणाले, माझे वडील १९३९ ला वेम्बलीवर होते, त्यांनी मला काही ठेवलं नाही, हा क्लब तेवढा ठेवला. तो माझ्या हातात असताना बुडाला तर मी वर जाऊन काय सांगू? एवढं बोलून ते थेट बसलेच. टाळ्या वाजवायचं कुणाच्या लक्षात यायला वेळ लागला.

दुसरं भाषण मी जन्मभर लक्षात ठेवीन. तिकीट खिडकीवर काम करणारी एक बाई. मार्च २०१० मध्ये घरी पाठवलेल्या ८५ जणांपैकी ती एक. इंग्लिश फुटबॉलमध्ये नियम असा की क्लब बुडाला तर खेळाडूंची आणि इतर क्लबांची देणी आधी आणि पुरी भागवायची. छापखानेवाला, नळदुरुस्तीवाला, सामन्याला प्रथमोपचाराला उभे राहणारे सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचे स्वयंसेवक, यांच्या वाट्याला पौंडामागे काही पेन्स. ती हे सगळं शांतपणे सांगत होती. काढून टाकलेल्यांच्या यादीत आपलं नाव कुठे होतं, त्या दिवशी टेबल आवरताना कोण कोण रडलं, हेही तिने सांगितलं. आणि मग म्हणाली की तीन वर्षांनी मी बहिणीबरोबर मिळून शेअर घेतला, कारण मला काढणारे लोक म्हणजे क्लब नव्हे. क्लब म्हणजे खिडकीबाहेर उभी असलेली रांग, आणि त्या रांगेतल्या प्रत्येकाचा आसन क्रमांक मला पाठ होता. तिने लगेच हॉलमधल्या पाच-सहा जणांचे आसन क्रमांक म्हणून दाखवले. सगळे बरोबर होते.

अशी माणसं बोलतात तेव्हा मला वाटतं, हे ऐकायला अख्खं शहर यायला हवं. आणि इथेच माझं दुखणं आहे. लीग टूमधल्या पहिल्या घरच्या सामन्याला, ऑगस्ट २०१३ मध्ये, अठरा हजारांवर लोक आले होते. ऑक्सफर्डने आम्हाला ४-१ हरवलं तरी लोक आले ते आलेच. मेळाव्यालाही पहिली काही वर्षं भिंतीला टेकून उभं राहावं लागायचं. सप्टेंबर २०१४ मध्ये क्लब कर्जमुक्त झाल्याचं जाहीर झालं, त्यानंतरच्या मेळाव्यात तर पबवाल्याने दारं उघडी ठेवून बाहेर बाकं टाकली. पुढे संघ वर चढत गेला आणि हॉल रिकामा होत गेला. मार्च २०१९ मध्ये चेकाट्रेड ट्रॉफी या खालच्या पायऱ्यांवरच्या क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्याला वेम्बलीवर ८५ हजारांवर प्रेक्षक होते, निम्मे आमचे. संडरलंडला आम्ही पेनल्टीवर हरवलं. त्याच्या काही आठवड्यांनंतरच्या मेळाव्याला मागच्या चार ओळी मोकळ्या होत्या. वेम्बलीच्या तिकिटासाठी पहाटेपासून धडपडणाऱ्यांना वर्षातली एक संध्याकाळ काढता येत नाही, हे मला मनापासून खटकतं. नावं घेत नाही. ज्यांच्याविषयी आहे त्यांना कळेल.

२०१७ चा मेळावा सगळ्यात अवघड गेला. १७ एप्रिलला नॉट्स काउंटीच्या मैदानावर ३-१ जिंकून आम्ही लीग टूमधून वर चढलो होतो, सगळे हवेत होते. त्याच वेळी डिस्ने कंपनीचे माजी प्रमुख, अमेरिकेचे मायकेल आइस्नर यांनी क्लब घ्यायची तयारी दाखवली होती. विकायचा की नाही, हे भागधारकांनी मतदानाने ठरवायचं होतं. त्या संध्याकाळी बोलायची पाळी माझ्या शेजारी बसणाऱ्या शिक्षिकेची होती. शाळेतल्या दहा जणींनी शंभर-शंभर पौंड घालून शेअर घेतला होता आणि आता त्या दहा जणींत फूट पडली होती. ती म्हणाली, आम्ही पैसे दिले ते क्लब जगावा म्हणून, जगला. आता तो वाढावा म्हणून सोडायचा की आपला राहावा म्हणून धरायचा, हे मला कुणी शिकवलं नाही. तिने विरोधात मत दिलं, मी बाजूने दिलं. फ्रॅटन पार्कचे जुने स्टँड दुरुस्त करायला लागणारा पैसा आमच्या वर्गणीतून उभा राहणार नव्हता, हे मला दिसत होतं. दहातल्या आठांहून अधिक मतं बाजूने पडली. ऑगस्टमध्ये ५६.७ लाख पौंडांना क्लब गेला. त्याआधी मे महिन्यात, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, चेल्टनहॅमला ६-१ हरवून संघ विजेता झाला तेव्हा आम्ही दोघी एकाच मफलरमध्ये गुंडाळून उभ्या होतो. मतदानाचा विषय आमच्यात अजून निघतो आणि अजून दोघी आपापल्या मतावर ठाम आहोत.

एप्रिल २०२४ मध्ये बार्न्सलीला ३-२ हरवून लीग वनचं, म्हणजे तिसऱ्या पायरीचं, विजेतेपद मिळालं. त्या आठवड्यातला मेळावा पुन्हा भरलेला होता. वक्ता होता एकोणीस वर्षांचा मुलगा. २०१३ मध्ये तो आठ वर्षांचा. शेअर त्याच्या आजीने त्याच्या नावाने गटात घेतला होता. आजी आता नाही. त्याला लीग टूच आठवते. ॲक्रिंग्टन, मोरकॅम, डॅगनम अशी गावं त्याला भूगोलाच्या पुस्तकाआधी सामन्यांमुळे पाठ झाली. सगळे म्हातारे त्या काळाला वाईट काळ म्हणतात, पण माझं लहानपण त्यात गेलं आणि ते फार छान होतं, असं तो म्हणाला. पहिल्या ओळीतले वेल्डर आजोबा तेव्हा उठले आणि त्यांनी त्याला स्टेजवरून हाताला धरून खाली आणलं.

आता ज्यांच्यामुळे हे सगळं चालतं त्यांच्याविषयी. नावं छापू नका असं बहुतेकांनी बजावलं आहे, म्हणून कामावरूनच ओळखावं. २०१२-१३ च्या हिवाळ्यात रात्री जागून प्रत्येकाच्या पैशाची नोंद तपासणारे दोन हिशेबनीस. फी न घेता आमच्या गटाचे कागद वाचून देणारी वकीलबाई. २०१३ च्या उन्हाळ्यात मैदानावर जाऊन कठडे रंगवणारे आमच्या ओळीतले सगळे, विशेषतः शिडी स्वतःच्या गाडीवर बांधून आणणारा सुतार. चहाचं मोठं भांडं दोन बसगाड्या बदलून आणणाऱ्या आजी, ज्यांना आता आम्ही सक्तीने गाडीतून आणतो. हॉलच्या किल्ल्या सांभाळणारा पबवाला आणि त्याच्यानंतर त्याची मुलगी. सोडतीसाठी दर वर्षी केक देणारा बेकरीवाला. चाकाच्या खुर्चीतल्या सदस्यांसाठी फळी घेऊन येणारे बापलेक. गेलेल्या माणसांची यादी न चुकता ठेवणारे निवृत्त पोस्टमन. ही यादी ते स्वतः वाचतात, दुसऱ्या कुणाला देत नाहीत. माझ्या नवऱ्याला फुटबॉलमधलं काही कळत नाही, पण खुर्च्या उचलायला तो पहिला असतो, आणि दिवाळीसारखा डबाभर चिवडा करून देतो. तो चिवडा अर्ध्या तासात संपतो.

मला शेजारी बसवून घेणारे आजोबा २०१५ मध्ये गेले. त्यांच्या खुर्चीवर त्यांची नात बसते. तीही मेळाव्याला येते, खरं तर नोंदणीचं टेबल तीच सांभाळते. तिचा उल्लेख वरच्या आभारात राहून गेला होता, म्हणून इथे वेगळं लिहिते. आणि ध्वनिक्षेपक लावणारे दोघे भाऊ राहिले. एक साउदॅम्प्टनला, आमच्या हाडवैरी शेजाऱ्यांच्या शहरात, राहायला गेला तरी निळी जर्सी घालूनच येतो, आणि मागच्या वर्षी माइक बंद पडला तेव्हा यानेच अर्ध्या भाषणात वायर बदलून दिली.

पुढच्या मेळाव्यासाठी वक्ता अजून ठरलेला नाही. ज्यांनी २०१३ मध्ये पैसे दिले आणि अजून एकदाही बोलले नाहीत त्यांनी नोंदणीच्या टेबलावर सांगून ठेवावं. या वेळी मागच्या ओळींतून कुणीतरी यावं, अशी माझी फार इच्छा आहे.