हे कायले येचता जी?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मेलेल्या जनावराच्या अंगावरच्या अळ्या मी चिमट्याने वेचू लागलो, की धुऱ्यावर उभं कुणीतरी विचारतंच, "डॉक्टरसाहेब, हे कायले येचता जी?"

जनावर कधी मेलं, ते या अळ्या सांगतात. हिरवी-निळी चकाकणारी माशी दिवसाउजेडी फार लवकर येते आणि डोळे, नाकपुड्या, जखम अशा ओल्या जागी अंडी घालते. रात्री सहसा घालत नाही. अळी दोनदा कात टाकते. तिच्या मागच्या टोकाला श्वासाची दोन छिद्रं असतात. भिंगाखाली त्यांतल्या चिरा मोजायच्या, दुसऱ्या अवस्थेत दोन, तिसऱ्या अवस्थेत तीन. काही अळ्या मी गरम पाण्यातून काढून अल्कोहोलमध्ये ठेवतो, काही जिवंत वाढवतो, कारण माशी बाहेर आली की जात ओळखणं सोपं जातं.

मात्र हे घड्याळ उष्णतेवर चालतं. थंड मुलखातल्या पुस्तकांतले तास यवतमाळच्या मे महिन्यात लावले तर हिशेब चुकणारच. त्यात अळ्यांचा गोळा स्वतःही तापतो, म्हणून मी थर्मामीटर त्यातही खुपसतो.

चीनमध्ये सुंग त्स नावाच्या न्यायाधिकाऱ्याने 1247 साली लिहून ठेवलंय: एका खुनानंतर गावातल्या सगळ्यांचे विळे जमिनीवर मांडले आणि माश्या एकाच विळ्यावर बसल्या. रक्त पुसलेलं होतं, वास उरला होता. विळा घरोघरी असलेल्या गावात ही गोष्ट सांगितली की माणसं एकदम गप्प होतात.

एकदा पऱ्हाटीत एक बैल मेला. पोट टम्म फुगलेलं, खांद्यावर टपोऱ्या अळ्या. गाव म्हणालं, दोन-तीन दिवस झाले, गुराख्याने लपवलं. तो बिचारा सांगत होता, सकाळी कडबा खाल्ला त्याने. रवंथ करणारं जनावर उन्हात काही तासांत फुगतं, पोटावरून काही ठरवता येत नाही. मी खांदा नीट पाहिला. जुवाने सोललेल्या जखमेत आसडी, म्हणजे अळ्या, पडली होती, बैल जिवंत असतानाच. डोळ्यांच्या कडेला मात्र नुसती अंडी होती, कण्यांसारखी पांढरी, एकही फुटलेलं नव्हतं.

गुराख्याच्या हातात मी भिंग दिलं. तो आधी डोळ्यापाशी वाकला, मग खांद्यापाशी, परत डोळ्यापाशी.

"हे तर आजचेच आहेत जी," तो म्हणाला.