सलाइनमधले स्पाइक

मेंदूत बसवायच्या चिपची चाचणी आम्ही आधी ३७ अंशांच्या सलाइनमध्ये घेतो. इलेक्ट्रोडची जाळी द्रावणात बुडवलेली असते, तिथे एकही चेतापेशी नसते, त्यामुळे स्पाइकची, म्हणजे चेतापेशीच्या क्षणिक विद्युत स्पंदांची, मोजणी शून्याच्या आसपास यायला हवी. त्या दिवशी ती ९६ पैकी प्रत्येक चॅनलवर सेकंदाला २० येत होती.

विजेच्या लाइनचा गोंगाट, असे म्हणून सहकाऱ्यांनी विषय मिटवला; आमच्याकडे प्रत्येक गोंगाटाचे खापर लाइनवरच फुटते. पण लाइनची वारंवारता ५० किंवा ६० हर्ट्झ असते. २० हा आकडा आमच्याच घरचा होता: डिकोडर, म्हणजे स्पाइकवरून रुग्णाच्या मनातली हालचाल ओळखणारा प्रोग्राम, दर ५० मिलिसेकंदांनी तिचा अंदाज काढतो आणि मधल्या वेळात प्रोसेसर झोपवलेला असतो. झोपवावाच लागतो, कारण खर्च झालेली वीज शेवटी उष्णता होऊन ऊतीत उतरते आणि तिथे एक-दोन अंशांची वाढही धोक्याची ठरते. हे गणित चिपवर न करता कच्चा सिग्नल बाहेर पाठवावा, तर ९६ चॅनल, सेकंदाला ३०,००० नमुने आणि प्रत्येकी १६ बिट मिळून सेकंदाला सुमारे ४६ मेगाबिट होतात; एवढा रेडिओ परवडत नाही.

ऑसिलोस्कोपचा एक प्रोब पुरवठ्यावर आणि दुसरा अॅम्प्लिफायरच्या आउटपुटवर लावल्यावर उलगडा झाला. प्रोसेसर जागा होताना एकदम करंट ओढतो, सामाईक ग्राउंड (दोघांची शून्य व्होल्टची संदर्भपातळी) क्षणभर हलते आणि अॅम्प्लिफायरला ते काही दशक मायक्रोव्होल्टच्या स्पाइकसारखे दिसते. खरे स्पाइकही बहुधा शंभर मायक्रोव्होल्टच्या आतबाहेरच असतात.

मला अस्वस्थ करते ते वेगळेच. हा खोटा स्पाइक ५० मिलिसेकंदांच्या प्रत्येक खिडकीत नेमका एकदा येतो, म्हणून डिकोडर सरासरी वजा करताना तो निमूटपणे गिळतो. अचूकतेच्या चाचणीत तो कधीच पकडला गेला नसता. थ्रेशोल्ड, म्हणजे ज्या पातळीपलीकडचा सिग्नल स्पाइक म्हणून मोजला जातो ती, मात्र गोंगाटाच्या पटीत ठरतो, आणि इलेक्ट्रोड जुना होताना गोंगाट बदलतो. मग हाच स्पाइक कधी मोजला जाईल, कधी निसटेल, आणि रुग्ण विचाराने हलवतो तो पडद्यावरचा कर्सर विनाकारण सरकेल.

जागे झाल्यानंतरची १ मिलिसेकंद मोजणीतून वगळायची, असे बैठकीत ठरले. २ टक्के डेटा जातो, पण सरासरी विजेचा आकडा देखणा राहतो, आणि सगळे वाचतात तो रकाना तेवढाच. प्रोसेसर टप्प्याटप्प्याने जागा करावा, असे माझे मत आहे. त्यात गळतीचा (काम नसतानाही वाहणारा) करंट थोडा जास्त वेळ वाहील, पण झटका मुळातच कमी होईल. शिवाय झटक्यानंतर अॅम्प्लिफायर १ मिलिसेकंदात खरोखर सावरतो का, हे जुन्या इलेक्ट्रोडवर आम्ही अद्याप मोजलेले नाही.