जादू काढून घेतली तर प्रेम उरतं का?

रात्री साडेअकराला भाचीचा फोन आला की छातीत धस्स होतं, पण तिला फक्त पुस्तक हवं होतं. "मावशी, परीक्षा संपली, आता काहीतरी भारी सांग. फॅन्टसी पण पाहिजे, रोमान्स पण पाहिजे, मधे कितीही रडव पण शेवट गोड पाहिजे." अर्धा तास बोलत बसले, दुसऱ्या दिवशी लोकलमधून अजून दोन व्हॉइस नोट पाठवल्या, तरी मनातलं संपेना, म्हणून इथे लिहितेय.

आधी तिच्या आवडीचं. रिबेका यारोसचं 'फोर्थ विंग' (२०२३) तिने दोन दिवसांत संपवलं आणि मला पण वाचायला लावलं. ड्रॅगनस्वार तयार करणारं सैनिकी कॉलेज, त्यात व्हायोलेट नावाची नाजूक हाडांची मुलगी, आणि झेडन, ज्याच्या वडिलांच्या मृत्यूमागे व्हायोलेटची आई आहे. मला वाटलेलं की हे आपल्याला झेपणार नाही, पण एका गोष्टीने मला धरून ठेवलं. तिचा ड्रॅगन आणि त्याची ड्रॅगन हे एकमेकांचे जोडीदार आहेत, ते फार दिवस लांब राहू शकत नाहीत, त्यामुळे या दोघांनाही लांब राहता येत नाही. ज्याच्यापासून जीव वाचवायचा त्याच्याच जवळपास राहायचं, आयुष्यभर. ड्रॅगन काढून टाका, मग उरेल ती नेहमीची कॉलेजातली खुन्नस.

फॅन्टसी रोमान्सची माझी हीच एक कसोटी आहे, जादू काढून घेतली तर प्रेमाची गोष्ट कोसळली पाहिजे, आणि प्रेम काढलं तर जादूला काही कामच उरायला नको. एनिमीज टू लव्हर्स (आधी वैर, मग प्रेम) आहे का, स्लो बर्न (हळूहळू पेटणारं प्रेम) आहे का, स्पाइस (शरीरसंबंधांची वर्णनं) किती, हे सगळं मी पण विचारते, पण त्यावरून पुस्तक मनात राहील की नाही ते नाही कळत.

सारा जे. मासच्या 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस'बद्दल (२०१५) सगळ्या जणी एकच सांगतात, पहिलं कसंबसं संपव, दुसऱ्यात खरी मजा आहे. मला ते पटतं. पहिल्या भागात, ब्यूटी अँड द बीस्ट या परीकथेत प्रेम होतं म्हणून इथेही प्रेम होतं, असं वाटत राहतं. दुसऱ्यात नायिका फेयरा आतून मोडलेली आहे, रात्री दचकून उठते, उलट्या होतात. तिला वाचता येत नाही, आणि जो तिला वाचायला शिकवतो तो मुद्दाम स्वतःची स्तुती करणारी वाक्यं तिच्याकडून गिरवून घेतो. ते पान मी तीनदा वाचलं, राजवाडे आणि पंखबिंख राहू देत बाजूला, रागावून का होईना पण ती एक एक अक्षर लावतेय हे बघून मला फार बरं वाटलं. फक्त एक सांगते, ही पुस्तकं मोठ्यांसाठी आहेत, कव्हर सुंदर आहे म्हणून आठवीतल्या मुलीच्या हातात देऊ नका.

आता माझं लाडकं. डायना विन जोन्सचं 'हाउल्स मूव्हिंग कॅसल', १९८६ चं. जपानी दिग्दर्शक मियाझाकीचा २००४ चा सिनेमा बघितला असेल तरी वाचा, सिनेमात युद्धाला बरीच जागा गेलीय, पुस्तकात ती जागा सोफी आणि जादूगार हाउलच्या भांडणांना आहे. सोफी तिघी बहिणींत थोरली, टोप्यांच्या दुकानात मान मोडून काम करणारी, थोरलीच्या नशिबी काही चांगलं नसतंच असं तिने धरून ठेवलेलं. एक चेटकीण तिला म्हातारी करून टाकते आणि त्याबद्दल तिला कुणाला बोलताही येत नाही. आणि म्हातारी झाल्यावर ही बाई पहिल्यांदा मनातलं तोंडावर बोलायला लागते! कोणाच्याही घरात घुसते, झाडू हातात घेते, जादूगाराला झापते. मी पण थोरली आहे, धाकट्या दोघांचं निस्तरता निस्तरता माझी विशी कशी गेली कळलं नाही, त्यामुळे सोफी आरशात म्हातारं तोंड बघून घाबरत नाही, शांतपणे स्वतःशी बोलते, तिथे माझा गळा दाटून येतो. हाउल तासन् तास बाथरूममध्ये नटत बसणारा, पळपुटा, आणि तरी आवडतो. कुठेही मिठ्या नाहीत, आणि मला तरी याच्याइतकी गोड लव्हस्टोरी दुसरी माहीत नाही.

नेओमी नोविकच्या 'स्पिनिंग सिल्व्हर'वरून (२०१८) मात्र भाचीचं आणि माझं जोरदार वाजलं. त्यात मिरियम ही सावकाराची मुलगी, बापाला वसुली जमत नाही म्हणून घरात उपासमार, शेवटी हीच वही घेऊन दारोदार जाते आणि चोख वसुली करते. चांदीचं सोनं करते अशी तिची ख्याती बर्फाच्या राजाच्या कानावर जाते आणि तो खरंच चांदीची नाणी आणून देतो, कर याचं सोनं. ती जादू करत नाही, त्या चांदीचे दागिने घडवून घेते आणि विकते, हिशोबाने सोनं करते. पुढे नको असलेलं लग्न गळ्यात पडतं तर तिथेही सौदा, बायको म्हणून माझा हक्क मी सोडते, त्याबदली रोज रात्री माझ्या प्रश्नांची उत्तरं दे. भाची म्हणते यात रोमान्स कुठाय? मी म्हणते अगं यातच आहे! दोन माणसं एकमेकांचा शब्द पाळायला शिकतात, एवढ्या थंडीत. (माझी पहिली प्रत रस्त्यावरची होती, स्वस्तात मिळाली म्हणून घेतली आणि नेमका मधला एक फर्माच (पानांचा अख्खा गठ्ठा) गायब, तेव्हा थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील, नीट प्रत घ्या.)

फोनवर भाची म्हणाली, "मराठीत असलं काही नाहीच ना." हे मला लागलं. अगं, आपण ज्याला कादंबरी म्हणतो तो शब्दच एका गंधर्वकन्येचं नाव आहे, सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या नायिकेचं! आणि मराठीत कादंबऱ्या लिहायला सुरुवात झाली तेव्हा 'मुक्तामाला' (१८६१), 'मंजुघोषा' (१८६८) असल्या अद्भुतरम्य गोष्टीच तर लोक आवडीने वाचत होते. 'मंजुघोषा'च्या प्रस्तावनेत नारो सदाशिव रिसबुडांनी कारणच देऊन टाकलंय, की आपल्या लग्नाच्या चालीरीतींमुळे आणि इतर कारणांनी आपल्या रोजच्या आयुष्यात रंगवून सांगावं असं काही नसतं, म्हणून मनोरंजक लिहायचं तर अद्भुताकडे जावंच लागतं. लहानपणीच लग्नं लागायची, तिथे नजरानजर आणि झुरणं आणायचं कुठून? मग राजकन्या आणा, चमत्कार आणा. दीडशे वर्षं झाली या प्रस्तावनेला, आणि आजही घरात मोठ्याने बोलता येत नाही ते आपण ड्रॅगनच्या पाठीवर बसवून वाचतोच की.

म्हणून तिला शेवटी बाणभट्टाची 'कादंबरी'च दिली, मराठी अनुवाद. एक पोपट राजाच्या दरबारात गोष्ट सांगतो आणि गोष्टीतून गोष्ट निघत जाते. वर्णनं लांबच लांब आहेत, तिथे कंटाळा आला तर चाळत पुढे जा, पण अच्छोद सरोवराशी आलीस की हळू वाच असं सांगितलं. तिथे कादंबरीची मैत्रीण महाश्वेता आपली हकीकत सांगते. पुंडरीक नावाचा तरुण तपस्वी, कानावर फुलांची मंजिरी, तिचा वास आधी येतो आणि मग तो दिसतो. त्याची जपमाळ हिच्याकडे राहते, तो रागावल्यासारखं करून परत मागतो, आणि ही गळ्यातला मोत्यांचा सर काढून त्याच्या हातावर ठेवते. त्याचे डोळे हिच्या तोंडावरून हलत नाहीत, हातात काय आलं ते त्याला कळतच नाही. जपाची माळ आणि मोत्यांचा सर यातला फरक कळेनासा झालाय त्या पोराला! आणि ही त्याच्यापर्यंत पोचायच्या आत, त्याच चांदण्या रात्री, झुरून झुरून तो मरतो.

भाची आता तिथे पोचलीय. काल रात्री परत फोन, या वेळी पावणेबारा. आवाज बसलेला, नाक ओढत होती. "मावशी, तो परत येतो ना? तू म्हणालेलीस शेवट गोड आहे."

मी म्हटलं, पोपटाला विसरू नकोस, आणि वाच पुढे.