खाडीकाठचे सोपे फिरणे आणि तिथीचे गणित

नवी मुंबईत वाशीपासून बेलापूरपर्यंतच्या खाडीकाठी, चढ-उताराचा त्रास न होता तासभर सावकाश चालता येईल अशा वाटा आहेत आणि गुडघे कुरकुरू लागलेल्या माझ्या वयाच्या माणसांना त्यांचा मोठा आधार वाटतो. वाशीचा मिनी सी-शोअर आणि सागर विहार, नेरूळचे ज्वेल ऑफ नवी मुंबई, सीवूड्समधील तळ्यांचे काठ ही त्यांतली माझी नेहमीची ठिकाणे. बहुतेक जण तेथे घड्याळ पाहून जातात. माझे म्हणणे असे की, या वाटांवर जाताना घड्याळाआधी तिथी पाहावी, कारण त्याच बांधावर एका सकाळी काठापर्यंत आलेले गढूळ पाणी दिसते आणि आठवड्याने त्याच वेळी तेथे दूरवर उघडे पडलेले, हजार हालचालींनी भरलेले खाजण, म्हणजे भरतीत पाण्याखाली जाणारी चिखलाची जमीन, दिसते.

तिथीवरून भरती काढण्याचा हिशेब मला बेलापूरजवळच्या दिवाळे गावात मासळी घेताना एका मावशींनी सांगितला. तिथीचा जो आकडा असेल त्याची पाऊणपट करायची. येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, हिशेब तोच, आणि दिवसा जी वेळ येते साधारण तीच रात्रीही येते. त्यात सव्वासहा तास मिळवले की सुकतीची, म्हणजे पूर्ण ओहोटीची, वेळ हाती लागते. मी विचारले, "मावशी, हे दरवेळी बरोबर येते का?" त्या म्हणाल्या, "ताई, थोडे पुढेमागे होते, पण आमच्या होड्या यावरच निघत आल्यात." चंद्रामुळे भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्याचेच हे तोंडी गणित आहे. खाडीच्या आतल्या भागात पाणी थोडे उशिरा पोहोचते, हे मात्र लक्षात ठेवावे लागते. मोबाईलवर भरतीचे तक्ते मिळतात, तरी दिनदर्शिकेवर नजर टाकून घराबाहेर पडण्यात मला अधिक समाधान वाटते.

आता हे गणित सकाळच्या फिरण्याला लावून पाहावे. पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपास भरती दुपारी बाराच्या सुमारास येते, म्हणजे सुकती सकाळी सहाच्या सुमारास आणि पुन्हा संध्याकाळी सहाच्या सुमारास. हेच दिवस उधाणाचे, त्यामुळे पाणी जितके वर चढते तितकेच ते मागेही हटते आणि खाजण सर्वाधिक उघडे पडते. सकाळी लवकर निघणाऱ्यांसाठी महिन्यातले हे उत्तम दिवस होत. उलट अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे उधाणाच्या उलट कमी जोराची भरती, असते. पाण्याचा चढ-उतार कमी आणि सकाळी सहाला भरती. त्या दिवशी खाजण पाहण्याच्या आशेने जाणाऱ्याची निराशा होते. मी अशा सकाळी खाडीचा नाद सोडून पारसिक डोंगराच्या रस्त्याने किंवा खारघरच्या सेंट्रल पार्कमध्ये चालते.

सुकतीच्या वेळी बांधावर एका जागी पाच मिनिटे उभे राहण्याची सवय लावून घ्यावी. पाऊल वाजले की चिखल निर्जीव दिसतो, कारण सगळे बिळांत शिरलेले असतात. आपण स्थिर झालो की एकेक बीळ जागे होते. आधी लहान खेकडे बाहेर येतात. त्यांतल्या नरांची एक नांगी उरलेल्या शरीराच्या मानाने फार मोठी असते आणि माद्यांचे लक्ष वेधण्यासाठी ते ती वरखाली हलवत राहतात. मग निवट्या दिसू लागतात. हा मासा असूनही पुढच्या परांच्या जोरावर चिखलावर सरपटतो, उड्या मारतो, कारण अंगाची त्वचा ओली असेपर्यंत त्याला हवेतूनही श्वास घेता येतो. तिवरांच्या, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या खारफुटीच्या झाडांच्या, बुंध्यांभोवती चिखलातून पेन्सिलीएवढी मुळे वर आलेली असतात. त्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून झाड तो वर काढलेल्या मुळांवाटे हवेतून घेते. पावसाळा सरल्यावर तिवराचे पान जवळून पाहिले तर त्यावर मिठाचे बारीक कण चमकताना दिसतात. मुळांतून आत आलेले जादा मीठ झाड पानांवाटे बाहेर टाकते. बोट फिरवून ते जिभेला लावून पाहावे, नातवंडे बरोबर असतील तर अवश्य.

नोव्हेंबरपासून मे महिन्यापर्यंत याच खाजणावर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, चरायला उतरतात. खाडीच्या पश्चिम बाजूचे सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि २०२२ साली ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. भरतीने खाजण बुडाले की पक्ष्यांना उथळ, निवांत पाणी लागते आणि ते सीवूड्स-नेरूळकडील तळ्यांवर येऊन उभे राहतात. म्हणून त्यांना जवळून पाहायचे असेल तर हिशेब उलटा करावा लागतो. माझ्या मते थंडीतल्या तृतीया-चतुर्थीच्या दुपारी बऱ्या: भरती सव्वादोन ते तीनच्या दरम्यान, उधाणाचा जोर अजून टिकून असतो आणि साडेतीनला ऊनही सोसवते.

नवी मुंबईतील यांपैकी काही वाटा मुळात फिरण्यासाठी झालेल्या नाहीत. मिनी सी-शोअर आणि ज्वेल ऑफ नवी मुंबईतील पाणी म्हणजे धारण तलाव आहेत. सिडको या सरकारी नगरविकास महामंडळाने १९७० नंतर हे शहर वसवले तेव्हा त्यातला बराच भाग उधाणाच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली होता. भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस झाला तर ते पाणी खाडीत जाऊ शकत नाही. ते तलावात साठते, खाडीच्या तोंडावरची झडप भरतीच्या दाबाने बंद राहते आणि सुकती लागली की साठलेले पाणी बाहेर पडते. आपण ज्यावर चालतो तो या व्यवस्थेचा काठ आहे, आणि म्हणूनच तेथे गाळ साचलेला किंवा पाण्याची तोंडे बुजलेली दिसली की मला फार वाईट वाटते. रोहित उतरतात त्या तळ्यांत खाडीचे पाणी येणे थांबले की तळे सुकते, तळे सुकले की रोहित येत नाहीत, आणि मग त्या जागेकडे रिकामा भूखंड म्हणून पाहिले जाते. आपल्या रोजच्या वाटेवर असे काही दिसल्यास छायाचित्र काढून महापालिकेकडे लेखी तक्रार करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

बांध सोडून चिखलात मात्र उतरू नये. पाय गुडघ्यापर्यंत रुततो आणि खेकड्यांची बिळे मोडतात. तिवरांजवळ संध्याकाळी डास असतात, तेव्हा पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. पावसाळ्यात उधाण आणि मोठा पाऊस एकत्र येत असेल त्या दिवशी खाडीकाठी जाऊच नये.

ज्यांना थोडेही चालवत नाही, अशा घरातल्या वडीलधाऱ्यांना ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात न्यावे. तेथून बोटीने अभयारण्यात जाता येते, मात्र बोटीची वेळ तेथेही भरती पाहूनच ठरते, तेव्हा आधी चौकशी करून, जागा राखून मगच निघावे.