जर्सीवरची छपाई आणि भरतकाम

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम जवळ आला की तालमींच्या फुटबॉल संघांच्या जर्सींची कामे छपाईवाल्यांकडे येऊ लागतात, आणि अशा दुकानात उभे राहून काम पाहणे मला सामन्याइतकेच आवडते.

स्क्रीन छपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळी चौकट लागते. चौकटीत ताणलेल्या जाळीवर प्रकाशाने घट्ट होणारे इमल्शन लावून वाळवतात, त्यावर काळ्या रंगात नक्षी उमटवलेली पारदर्शक फिल्म ठेवून प्रकाश देतात, आणि काळ्या भागाखाली मऊ राहिलेले इमल्शन पाण्याने धुऊन काढले की तेवढीच जाळी शाईसाठी मोकळी होते. गडद कापडावर आधी पांढऱ्या शाईचा थर द्यावा लागतो, नाहीतर पिवळा रंग मळकट दिसतो. प्लास्टिसोल ही प्लास्टिकयुक्त शाई हवेवर वाळत नाही. तिचा संपूर्ण थर साधारण १६० अंश सेल्सिअसपर्यंत तापला तरच ती पक्की होते. पॉलिएस्टरच्या जर्सीत खरी कसोटी इथेच लागते, कारण त्या उष्णतेने कापडातला लाल रंग वर चढून पांढरे आकडे गुलाबी करतो. म्हणून अशा कापडासाठी कमी तापमानाला पक्की होणारी शाई वापरणे शहाणपणाचे.

छातीवरच्या बोधचिन्हाला मात्र भरतकामच शोभते, असे माझे मत आहे. त्यासाठी चित्राचे टाक्यांच्या फाइलमध्ये रूपांतर करून टाक्यांची दिशा व दाटी ठरवतात आणि कापड आकसू नये म्हणून मागे अस्तर लावतात. अगदी बारीक अक्षरे दोऱ्यात बुजतात, त्यामुळे स्थापनेचे वर्ष छापूनच घ्यावे.